मियाटा घेऊन ऑटोक्रॉसला जाताय? पार्ट मागवण्याआधी या चुका टाळा

पहिल्या सीझनला मी गाडीच्या सायलेन्सरवर नऊशे डॉलर घातले. वेळेत फरक पडला शून्य. हां, रविवारी सकाळी साडेसहाला मी घरून निघालो हे शेजारच्या आजींना खिडकी न उघडता कळायला लागलं, एवढाच काय तो फायदा.

आपल्याकडे पुण्या-नाशकात ऑटोक्रॉस म्हटलं की मातीचा ट्रॅक आणि धुळीचे लोट आठवतात. अमेरिकेतला प्रकार वेगळा. एससीसीए, म्हणजे स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका ही १९४४ सालची संस्था. तिचे स्थानिक क्लब मोठ्या पार्किंगमध्ये किंवा जुन्या धावपट्टीवर नारिंगी कोन मांडून स्पर्धा घेतात. स्पर्धा घड्याळाशी. एक फेरी साधारण चाळीस ते साठ सेकंदांची, कोन पाडला की दोन सेकंद दंड, वाट चुकली की फेरी बाद. दिवसभरात चार-पाच फेऱ्या मिळतात. बाकी वेळ उन्हात उभं राहून इतरांनी पाडलेले कोन पळत जाऊन उभे करायचे. म्हणजे अख्ख्या दिवसात गाडी चालवायची ती फार तर पाच मिनिटं. हा हिशोब डोक्यात पक्का बसला असता, तर माझे निम्मे पैसे वाचले असते.

माझी गाडी २०१९ची माझदा एमएक्स-५, म्हणजे मियाटा. १८१ हॉर्सपॉवर, वजन एक हजार साठ किलोच्या आसपास. या खेळात ही गाडी पावसाळ्यातल्या छत्र्यांसारखी जिकडेतिकडे दिसते, म्हणून उदाहरणं तिचीच देतो.

नियमपुस्तक न उघडता पार्ट मागवणं

सगळ्यात महागडी चूक ही, आणि तिचं बिल लगेच येत नाही.

गाडीत काय बदललंय यावरून तुमचा गट ठरतो. सगळ्यात साधा गट 'स्ट्रीट'. त्यात शॉक ॲब्सॉर्बर बदला, पुढचा किंवा मागचा यांपैकी एक अँटी-रोल बार (वळणात गाडीचं झुकणं आवरणारी दांडी) बदला, ब्रेक पॅड बदला, धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या मागचा सायलेन्सर बदला. रिमची रुंदी मात्र मूळचीच हवी, व्यास फार तर एक इंच कमी-जास्त. टायर ट्रेडवेअर (रबर किती टिकेल ते सांगणारा आकडा, कमी म्हणजे मऊ) २०० किंवा त्याहून वरचे. स्प्रिंगला हात लावायचा नाही, इंजिनाच्या ट्यूनिंगला तर नाहीच.

क्लबमधल्या एकाने गाडी जरा बुटकी, देखणी दिसावी म्हणून तीनशे डॉलरच्या स्प्रिंग बसवल्या. बस, गाडी गेली 'स्ट्रीट टूरिंग'मध्ये. तिथे समोर कोण, तर नऊ इंची रिम, २५५ मिलिमीटर रुंदीचे टायर आणि दोन्ही बार बदललेल्या होंडा एस २०००. बिचाऱ्याची बाकी गाडी कंपनीतून आली तशीच. वर्षभर तो शेवटून दुसरा येत राहिला आणि दोष इंजिनाला देत राहिला.

नियमपुस्तकाची नवी आवृत्ती दर वर्षी येते आणि गाड्यांचे गट इकडेतिकडे हलतात. त्यामुळे दोन वर्षांपूर्वी कुणी सांगितलेल्या ऐकीव माहितीवर खरेदी करू नका. त्या वर्षीचं पुस्तक उतरवून घ्या, आपल्या गटाची पानं वाचा, आणि कार्टमधल्या प्रत्येक पार्टला तिथे परवानगी आहे का ते बघा. अर्ध्या तासाचं काम आहे. पुस्तकात ज्याला स्पष्ट परवानगी लिहिलेली नाही, ते चालत नाही असंच धरून चला.

आधी ताकद वाढवायला धावणं

माझा सायलेन्सर याच खात्यातला. पिकअप वाढेल या आशेने लोक एअर फिल्टर, पाइप, ट्यूनिंग असं एकामागून एक घेत सुटतात. ऑटोक्रॉसमध्ये सुरुवातीचा पहिला गिअर सोडला तर जवळपास सगळी फेरी दुसऱ्यात होते. माझ्या मियाटात दुसरा गिअर साडेसात हजार आरपीएमला ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास पोचतो, आणि बहुतेक कोर्सवर त्यापुढे जायला जागाच नसते. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलाय असे क्षण फेरीत मोजके. वेळ जातो तो स्लॅलममध्ये (ओळीने मांडलेल्या कोनांमधून नागमोडी जाताना), वळणात शिरताना, आणि वळणातून बाहेर पडताना गाडी सरळ व्हायची वाट बघण्यात. तिथे पाच-सात जास्तीचे घोडे काय करणार?

टायर: योग्य ठिकाणी पैसे, चुकीच्या पद्धतीने

टायरवर पैसे घालणं बरोबरच आहे. या खेळात एका खरेदीतून सगळ्यात जास्त वेळ कमी करून देणारी वस्तू तीच. पण चुका इथेच सगळ्यात जास्त होतात.

पहिली गोष्ट, '२०० ट्रेडवेअर' हा आकडा टायर कंपनी आपल्याच चाचणीवरून देते. एकाच आकड्याच्या दोन टायरांचा स्वभाव गाय आणि घोड्याइतका वेगळा असू शकतो. योकोहामाचा ए०५२ पहिल्याच फेरीत चिकटतो, पण लवकर तापतो. एका गाडीत दोन ड्रायव्हर असले की फेऱ्यांच्या मध्ये बागेतला फवारणीचा पंप घेऊन टायरवर पाणी मारत बसावं लागतं. हँकूकचा आरएस४ टिकाऊ आहे, पण त्याला आधी ऊब लागते. रेस ट्रॅकवर वीस-वीस मिनिटं सलग पळायच्या ट्रॅक डेला तो छान. चाळीस सेकंदांत त्याची झोप उडेपर्यंत फिनिशचे कोन दिसायला लागतात. 'हा टायर भारी आहे' असं कुणी म्हणालं की पहिला प्रश्न विचारा, कशासाठी भारी?

दुसरी, रुंदीचा मोह. सात इंची रिमवर २४५चा टायर बसतो, पण त्याच्या बाजूच्या भिंती आत ओढल्या जातात. स्टिअरिंग वळवलं की आधी टायर वाकतो, मग गाडी वळते. कागदावर रबर जास्त, हातात मात्र गाडी सुस्त. टायर उंच असेल तर गिअरिंगही बिघडतं, ते वेगळंच.

तिसरी, हवा. दारावरच्या स्टिकरवर २९ पीएसआय लिहिलेलं असतं. नवशिक्याला कुणीतरी जुना गडी सांगतो, 'चाळीस भर'. जुन्या मऊ टायरांच्या काळात त्यात तथ्य होतं, आताच्या कडक भिंतींच्या टायरांत ती हवा पकड घालवते. अंदाज करण्यापेक्षा शाळेतला खडू आणा. टायरच्या काठावर एक छोटा त्रिकोण कोरलेला असतो, कुठवर टेकायला हरकत नाही ते दाखवणारा. तिथून आडवी रेघ ओढा, तळव्यापासून भिंतीपर्यंत, प्रत्येक टायरवर तीन ठिकाणी. फेरी मारून या आणि बघा. खडू त्रिकोणाच्या टोकापर्यंत पुसला गेला असेल तर ठीक. त्याच्याही खाली, रिमकडे, पुसला असेल तर टायर लोळतोय, हवा वाढवा. त्रिकोणाच्या बरंच वर खडू शाबूत राहिला असेल तर एकेक पीएसआय कमी करत जा. आणि गेज एकच वापरा. माझं आठ डॉलरचं गेज दुसऱ्याच्या गेजपेक्षा तीनने जास्त दाखवत होतं. दोन महिने मी भलत्याच हवेवर पळत होतो.

थंडीबद्दल एक. मिडवेस्टमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या मध्य-उत्तर भागात, राहणाऱ्यांनी हे टायर हिवाळ्यात घरात आणून ठेवावेत. शून्याच्या बऱ्याच खाली या रबराला तडे जातात, आणि गारठलेल्या गॅरेजमध्ये गाडी पुढे-मागे करणं एवढंही निमित्त पुरतं. आमच्या बेसमेंटमध्ये दिवाळीच्या आकाशकंदिलाच्या खोक्याशेजारी चार टायर असतात. घरातल्यांचं मत विचारू नका.

नक्षी शिल्लक आहे म्हणजे टायर शिल्लक आहे, असंही नाही. तापणं-निवणं होऊन होऊन रबर कडक होतं. नेहमी तुमच्या अर्ध्या सेकंदावर असणारा माणूस सव्वा सेकंद पुढे जायला लागला आणि तुमचं काही बदललेलं नाही, तर सस्पेन्शन चाळवण्याआधी टायरवर नख दाबून बघा.

अलाइनमेंट 'हिरव्यात' करून आणणं

शंभर-दीडशे डॉलरमध्ये एवढा फरक दुसरं काही पाडत नाही, तरी लोक हे शेवटी करतात. मीही त्यांतलाच.

दुकानात गेलात आणि नुसतं 'अलाइनमेंट करा' म्हणालात, तर कारागीर स्क्रीनवरचे सगळे आकडे हिरवे करून देतो. हिरवं म्हणजे टायर सारखे झिजावेत, गाडी सरळ जावी. आपल्याला हवं ते वेगळं: पुढच्या चाकांना जितका निगेटिव्ह कँबर (चाकाचा वरचा भाग आत झुकणं) मिळेल तितका. मूळच्या बोल्टवर माझ्या गाडीत तो दीड-दोन अंशांच्या दरम्यान निघतो. मागे त्याहून थोडा कमी किंवा तेवढाच, आणि मागचं टो किंचित आत (चाकांची पुढची बाजू जरा आत वळलेली), नाहीतर ब्रेक मारताना शेपूट हलते. हे आकडे कागदावर लिहून कारागिराच्या हातात द्या, ड्रायव्हरच्या सीटवर तुमच्या वजनाइतकं ओझं ठेवायला सांगा, आणि निघताना प्रिंटआउट मागा. 'स्क्रीन लाल दिसेल, चालेल ना?' असं त्याने विचारलं की समजा, काम बरोबर झालं.

कँबर कमी पडतोय हे टायरच सांगतो. बाहेरचा खांदा गोल होऊन गेलाय आणि आतला अर्धा भाग कोरा दिसतोय, तर हवा वाढवून तो आजार बरा होणार नाही.

लक्षण बघून थेट औषध विकत घेणं

'गाडी पुढून घसरते, कुठला बार घेऊ?' हा प्रश्न मला महिन्यातून एकदा तरी येतो. आधी सांगा, घसरते कुठे? वळणात शिरताना, मधोमध, की बाहेर पडताना?

शिरताना घसरत असेल तर दहापैकी आठ वेळा वेग जास्त आहे, हे ऐकायला कुणालाच आवडत नाही. टायरची पकड संपली की स्टिअरिंग आणखी वळवून गाडी आणखी वळत नाही, उलट पुढचे टायर खरवडून निघतात. तपासायचं कसं? पुढच्या फेरीत त्याच एका वळणावर मुद्दाम लवकर ब्रेक मारा आणि हात कमी फिरवा. गाडी सुतासारखी गेली, तर पार्टची गरज नव्हती. तरीही मधोमध घसरली, तर हवा, मग कँबर, मग शॉक, या क्रमाने जा.

मागचं टोक अचानक सुटत असेल, तर तुम्ही वळणाच्या मध्यात घाबरून ॲक्सिलरेटर सोडताय का ते व्हिडिओत बघा. वजन पुढे गेलं, मागची चाकं हलकी झाली, गाडी फिरली. यात मागच्या बारचा काय दोष?

बाहेर पडताना आतलं मागचं चाक नुसतं फिरत असेल, तर मात्र पुढचा जाड बार खरंच कामाचा. पुष्कळांना हे उलटं वाटतं, कारण पुढचा बार जाड केला की गाडी पुढून घसरणार असं सगळीकडे लिहिलेलं असतं. पण मियाटात तो गाडीचं झुकणं कमी करतो, बाहेरच्या पुढच्या टायरचा कँबर वाचतो, आणि आतलं मागचं चाक जमिनीवर राहिल्यामुळे ताकद वाया जात नाही. मागचा बार जाड करून 'गाडी चपळ' करणारे नेमकं हेच चाक उचलतात. गाडी विकत घेण्याच्या टप्प्यावर असाल, तर मियाटाची मॅन्युअल गिअरची 'क्लब' नावाची आवृत्ती बघा. लिमिटेड स्लिप डिफरेन्शियल (एकच चाक नुसतं फिरू न देणारा भाग) आणि बिल्स्टीन कंपनीचे शॉक त्यात मूळचेच येतात. 'स्पोर्ट' आवृत्तीत ते डिफरेन्शियल नाही, आणि स्ट्रीट गटात नंतर बसवता येत नाही.

गाडीचा दोष की आपला, याची सगळ्यात स्वस्त चाचणी म्हणजे चावी दुसऱ्याच्या हातात देणं. एका गाडीत दोघांनी धावणं या खेळात सर्रास चालतं. माझ्या 'न वळणाऱ्या' गाडीत क्लबमधल्या एका साठीच्या गृहस्थांनी पहिल्याच फेरीत माझ्यापेक्षा दोन सेकंद कमी घेतले, आणि उतरून म्हणाले, 'छान आहे की गाडी!' त्या महिन्यात मी शॉकची ऑर्डर रद्द केली आणि त्या पैशांतून एका दिवसाच्या ड्रायव्हिंग स्कूलला गेलो.

किरकोळ, पण खिशाला लागणाऱ्या

मोठे ब्रेक नकोत. चाळीस सेकंदांत मूळचे ब्रेकही धड तापत नाहीत. ट्रॅकवरचे रेसिंग पॅड तर गार असताना चावतच नाहीत, पहिल्या वळणाला पाय दाबला की पोटात गोळा येतो.

ॲडजस्टेबल शॉक घेतलेत तर एका वेळी एकाच टोकाचा स्क्रू फिरवा आणि वहीत लिहा. मी एकदा पुढे तीन, मागे दोन क्लिक आणि हवाही बदलली. गाडी सुधारली, पण कशाने ते आजतागायत कळलेलं नाही.

सीट बदलायची घाई नको. मियाटाच्या सीटमध्ये बाजूची एअरबॅग असते. ती काढली की डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि घरी जाताना तुम्ही तिच्याविना असता. शरीर घसरू नये म्हणून सीट एक खाच मागे घ्या, बेल्ट झटक्याने ओढून लॉक करा, आणि तसंच धरून सीट पुढे सरकवा. फुकटात जखडून बसता.

आणि काढलेले मूळचे पार्ट टाकून देऊ नका. तो सायलेन्सर मी तिसऱ्या सीझनला साडेतीनशेला विकला. मूळचा मी नवा बसवला तेव्हाच भंगारात दिला होता, म्हणून ओहायोतल्या एकाकडून जुना मागवावा लागला. दोनशे डॉलर, आणि खोकं उघडलं तर आत रबरी हँगर नव्हते.