चौदाव्या वर्षीचा हिरो अठराव्या वर्षी कुठे जातो?

म्हापशात धुळेरच्या मैदानावर मुलांची फुटबॉल निवड चाचणी घेताना गोल नंतर मोजा, आधी जन्ममहिना बघा. वयोगट १ जानेवारीपासून धरला, तर जानेवारीचा मुलगा डिसेंबरवाल्यापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठा. तो खांदा लावून बॉल काढतो आणि आपण त्याला कौशल्य म्हणतो! बाकीचे उंच झाले की ती जादू संपते.

म्हणून सारख्या अंगकाठीच्या मुलांना ४ विरुद्ध ४ खेळवा. बॉल पायाशी येण्याआधी मुलगा मान वळवून मागे बघतो का? डावा पाय नुसता उभं राहायलाच आहे का?

उंची दर ३ महिन्यांनी नोंदवा. झपाट्याने वाढताना गुडघ्याखालचं हाड दुखू लागलं, तर उड्या आणि स्प्रिंट कमी करा. नाकारलेल्या डिसेंबरवाल्याला ६ महिन्यांनी पुन्हा बोलवा.