बंदुकीच्या नळीला वेल्डिंग करण्याआधी

सातपुड्याच्या पायथ्याशी, यावल-रावेर पट्ट्यात रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी घेतलेली परवान्याची बंदूक अनेक घरांत वडिलोपार्जित असते, आणि तिच्या नळीला चीर पडली किंवा हुक सुटला की ती नांगराच्या फाळासोबत गावातल्या वेल्डिंगच्या दुकानात नेण्याचा मोह होतो. तसे कृपया करू नये. पोलादाची ताकद त्याला दिलेल्या पाण्यावर, म्हणजे ते तापवून कसे थंड केले यावर अवलंबून असते. वेल्डिंगच्या ठिकाणी धातू सुमारे 1500 अंशांपर्यंत तापून वितळतो, त्यामुळे शेजारच्या पट्ट्यातले पाणी उतरते किंवा तिथला धातू कडक होऊन ठिसूळ बनतो, आणि बार उडताना नळी नेमकी तिथेच फाटू शकते, तेही डाव्या हाताच्या बोटांजवळ. दुनळीत धोका आणखी वेगळा असतो, कारण दोन नळ्यांमधली पट्टी बहुधा डाख (कमी उष्णतेत वितळणारा जोडधातू) देऊन बसवलेली असते आणि डाख दोन-अडीचशे अंशांतच सुटतो.

बंदूक रिकामी असल्याची खात्री करून, ती उघडून नळीतून उजेडाकडे पाहावे. आत गोल कड्यासारखी सावली दिसली तर नळी फुगलेली आहे असे समजावे आणि ती वापरणे तत्काळ थांबवावे. चिरलेली किंवा फुगलेली नळी वेल्डिंगने सुरक्षित होत नाही, ती बदलावीच लागते. सुटलेल्या हुकाचे काम मात्र परवानाधारक कारागीर कमी उष्णतेत करू शकतो.

शस्त्र अधिनियम, 1959 नुसार दुरुस्तीच्या व्यवसायालाही परवाना लागतो. म्हणून कारागिराचा परवाना आधी पाहावा, आपला सोबत न्यावा आणि बंदुकीच्या क्रमांकासह पावती घ्यावी.