पहिली-दुसरीच्या वर्गातले हातानं करायचे प्रकल्प : या चुका टाळा

पोळ्याच्या आधी वर्गात मातीचे बैल करायला घेतले, की दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीजवळच्या फळीपाशी हमखास रडारड होते. रात्रीतून बैल तडकलेले असतात. कुणाचं शिंग गळालेलं, कुणाचा पाय निखळलेला. आपल्या खानदेशातली काळी माती ही अशीच. उन्हाळ्यात शेतात पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात, तिथं वीतभर बैल कसा वाचणार?

पहिल्या वर्षी मी पोरं घरी गेल्यावर ओल्या हातानं सगळ्या भेगा लिंपून टाकल्या होत्या. सकाळी बैल देखणे दिसत होते, आणि त्या बैलांतून शिकण्यासारखं जे काही होतं, ते मीच आदल्या संध्याकाळी लिंपून टाकलं होतं. पहिली-दुसरीतले प्रकल्प फसतात ते बहुतेक याच जागी. मोठ्यांचा हात मध्ये येतो.

भेग लपवू नका, तिच्यापाशी थांबा

पुढच्या वर्षी एक पोरगी तडकलेला बैल घेऊन आली. म्हणाली, "सर, मना बैल फुटी गया." मी विचारलं, कुणाचा नाही फुटला? सगळे फळीकडे धावले. दोनच बैल धड होते, आणि दोन्ही सडपातळ. लठ्ठ बैल सगळे फुटलेले. शेजारचा पोरगा लगेच म्हणाला, "तुनी माटी गयरी पातय व्हती." म्हणजे फार पातळ. दुसरा म्हणाला, "मनी आजी चुल्हानी माटीमा भुसा टाकस."

पुढचे चार दिवस याच एका वाक्यावर गेले. एक बैल नुसत्या मातीचा, एक भुसा घातलेला, एक पिंजलेला कापूस मिसळलेला. तिन्ही सावलीत. मग मीही वाकून नीट पाहिलं, तर नुसत्या मातीच्या बैलाची भेग पायाच्या खुंटाशी सुरू होत होती. पायाला आत तुरीची काडी घातली होती. माती वाळताना आकसते, काडी आकसत नाही, म्हणून माती काडीभोवती ताणली जाऊन उलते. कापसाचे धागे माती धरून ठेवतात, त्यामुळे तिसरा बैल जवळजवळ धड राहिला. सहा वर्षांच्या पोराला हे शब्दांत सांगून कळत नाही. बोट भेगेवर फिरवून कळतं.

म्हणून बैल करायचे तर पोळ्याच्या आठ-दहा दिवस आधी सुरुवात करा. माती चाळून रात्रभर भिजवा. उन्हात वाळवू नका, कारण बाहेरचा थर आधी सुकतो आणि आतली माती ओलीच राहते. आणि पहिला बैल फुटणार हे धरूनच दिवस मोजा.

पाकिटातलं बियाणं पोरांच्या हातात देऊ नका

ही चूक सगळ्यात धोक्याची. गावात बियाण्याची पाकिटं घरोघरी असतात, त्यामुळे बी रुजवायच्या उपक्रमाला पोरं घरातून मूठभर सरकी किंवा मका घेऊन येतात. गुलाबी, लाल, निळा रंग दिसला, की समजा ते बियाणं बुरशीनाशक, कीटकनाशक लावलेलं आहे. पोरं रंगीत बी आधी तोंडात घालून बघतात. त्यापेक्षा मूग, मटकी, हरभरा, दादर ज्वारी असं घरच्या डब्यातलं धान्य मागवा.

मोजणीसाठी बिया गोळा करायला पाठवलं, तर आधी स्वतः बांधावर फिरून या. चंद्रज्योत, एरंड, धोत्रा, गुंज हे सगळं आपल्याकडे कुंपणाला आणि उकिरड्यावर असतं, आणि सगळं विषारी आहे. चंद्रज्योतीचं बी गोडसर लागतं, पोरं शेंगदाण्यासारखं खातात, मग उलट्या सुरू होतात. चिंचोके, सीताफळाच्या बिया चालतील, पण त्याही नुसत्या मोजायला. फोडू देऊ नका. वर्ग सुटताना हात धुवायचे, हे प्रकल्पाचंच एक काम समजा.

रावेर-यावलकडच्या शाळांत केळीवर काम करायचा मोह होतो, आणि तो व्हावाच. एका घडाला फण्या किती, एका फणीला केळी किती, वरची फणी मोठी का खालची, यात पहिलीचं सगळं गणित बसतं. फक्त हिरवा घड कापू नका. केळीचा चीक गणवेशावर पडला, की डाग जात नाही, आणि दुसऱ्या दिवशी दारात आई उभी. पिकलेला घड घ्या. खोडाच्या वाळलेल्या सोपटाच्या दोऱ्या वळायला द्या.

विषय केवढा घ्यायचा

'पाणी', 'पर्यावरण', 'आपला सण' हे पहिलीसाठी विषयच नाहीत. त्यांतून भिंतीवर लावायचे तक्ते निघतात, आणि ते आपणच रंगवतो. पोरांना हाताळता येईल, आणि एका वाक्यात विचारता येईल, एवढाच प्रश्न घ्या. बैल का तडकला? ओल्या फडक्यात मूग आधी उगवतो का हरभरा? कापूस जड का सरकी?

यातला शेवटचा माझा आवडता. घरच्या शेतातून वेचून आणलेला, न पिंजलेला कापूस घ्यायचा. पोरं बोटांनी सरकी सोलून काढतात. मग दुकानातून मागून आणलेल्या तागडीत एका पारड्यात रुई, दुसऱ्यात सरकी. रुईचा ढीग एवढा मोठा दिसतो, की सगळा वर्ग रुईच्या बाजूनं ओरडतो, आणि पारडं खाली जातं सरकीचं. तीन भाग कापसातून साधारण एकच भाग रुई निघते, हे गावातल्या प्रत्येक जिनिंगवाल्याला माहीत असतं. पोरं मात्र ते पहिल्यांदाच डोळ्यांनी बघतात, आणि तागडी बिघडली आहे म्हणून पारडी बदलून पुन्हा तोलायला लावतात. तोलू द्या.

दहा जणांचा गट म्हणजे एकाचं काम

सहा वर्षांच्या मुलांना दोघा-दोघांत बसवा, फार तर तिघांत. त्यापुढे गेलं, की एक जण माती मळतो आणि बाकीचे ढकलाढकली करतात. साहित्य कमी असेल तर गट मोठा करू नका, पाळी लावा. द्विशिक्षकी शाळेत चारही वर्ग सांभाळणाऱ्यांना हे अवघड जातं, मला ठाऊक आहे. तिथं चौथीच्या मुलांना मदतीला घ्या, पण त्यांना एकच नियम सांगा. सांगायचं, विचारायचं, पण लहानांच्या हातातली वस्तू आपल्या हातात घ्यायची नाही. हा नियम पालकांनाही. शाळेच्या बालबाजारात आई वडे तळते आणि बाबा हिशेब करतात, तेव्हा पोराच्या वाट्याला नुसतं उभं राहणं येतं. दुसरीच्या पोराला एक, दोन, पाच आणि दहाच्या नाण्यांत देता-घेता येईल अशी पाच रुपयांची लिंबं, कोथिंबीर विकू द्या. सुटे चुकले तर चुकू द्या. गिऱ्हाईक गावातलंच असतं, ते परत करतं.

बोलत असताना भाषा दुरुस्त करू नका

पोरगं 'माटी' म्हणालं, की 'माती म्हण' असं आपण सवयीनं म्हणून जातो. त्या क्षणी त्याचं निरीक्षण थांबतं, आणि ते आपल्या तोंडाकडे बघायला लागतं. अहिराणी असो, लेवा बोली असो, गुजरी असो, सातपुड्याच्या पायथ्याशी भिल्ली-पावरी असो, हातात काम असताना पोरगं ज्या भाषेत बोलेल ती चालू द्या. लिहायची वेळ येईल तेव्हा फळ्यावर दोन्ही शब्द शेजारी लिहा. माटी, माती. पोरांना ते आवडतं, आणि प्रमाण शब्द लक्षातही राहतो. पावरी येत नसेल तर शालेय पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंना दहा मिनिटं वर्गात बोलवा.

"पोरं नुसती खेळतात"

ही तक्रार येणारच, आणि ती खोटी आहे असंही समजू नका. प्रकल्प अक्षर-अंकांपासून सुटला, तर तो खेळच राहतो. २०२१ साली निपुण भारत हे लहान मुलांच्या वाचन-गणिताचं सरकारी अभियान सुरू झालं. त्यात पहिलीअखेर ९९ पर्यंतच्या आणि दुसरीअखेर ९९९ पर्यंतच्या संख्या लिहिता-वाचता याव्यात असं धरलं आहे. त्याला वेगळा तास लागत नाही. सरकी मोजताना दहा-दहाचे ढीग करा, ढिगावर चिठ्ठी ठेवा. बैलाखाली मालकाचं नाव त्यानं स्वतः लिहायचं. रोज एक चित्र, एक शब्द, तारीख. वही पालकांना दाखवा, वस्तू नंतर दाखवा.

हाताच्या कामातून शिकणं हे बाहेरून आलेलं फॅड आहे असं कुणी म्हणालं, तर १९३७ ची वर्ध्याची शिक्षण परिषद आठवून द्या. सूत, माती, शेती यांतून अक्षर आणि गणित शिकवायची गोष्ट तिथं ठरली होती.

बारीकसारीक अडचणी

मोड आणायला शुक्रवारी ठेवू नका. सोमवारी फडकं वाळलेलं मिळतं आणि मोड सुकलेले. सोमवारीच सुरुवात करा. बुरशी आली तर फेकायच्या आधी बंद बरणीतून दाखवा.

मार्चपासून बाहेरचं काम सकाळी नऊच्या आत उरका. एप्रिलमध्ये पत्र्याखाली माती मळायला बसवू नका.

पोरांनी पान वितीनं मोजलं आणि उत्तरं वेगवेगळी आली, तर लगेच मोजपट्टी काढू नका. "तुझी वीत मोठी" हे भांडण होऊ द्या. मोजपट्टी कशाला लागते, ते त्या भांडणातूनच निघतं.

दिवाळीच्या सुमारास वेचणीला आणि नंतर ऊसतोडीला घरं निघतात, गटातलं एखादं पोरगं मध्येच गायब होतं. त्याचा बैल, त्याची वही फळीवर तशीच ठेवा, नाव पुसू नका. परत येईल तेव्हा त्याच्या जोडीदाराला चित्रांची वही उघडून "तू नव्हता तवय काय झालं" हे सांगायला लावा. त्या दिवशी तुम्ही दुसरं काही शिकवू नका.