लिंकची देवाणघेवाण: छोट्या व्यवसायाच्या वेबसाइटने कोणाशी करावी, कशी करावी

गूगलच्या शोधनिकालांत लिंकला महत्त्व आले ते पेजरँकपासून. लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन यांनी १९९८ मध्ये मांडलेल्या या पद्धतीत एका पानाने दुसऱ्या पानाला दिलेली लिंक ही शिफारस मानली गेली, आणि शिफारस करणारे पान जितके वजनदार तितकी ती मोलाची ठरली. शिफारशीला मोल आल्यावर तिचा बाजार भरणारच होता. 'तुम्ही आमची लिंक लावा, आम्ही तुमची लावतो' असे ई-मेल छोट्या व्यावसायिकांना आजही येतात आणि त्यांतले बहुतेक उत्तर न देता डिलीट करण्याच्याच लायकीचे असतात.

तरीही सगळीच देवाणघेवाण वाईट नसते. गूगलच्या स्पॅमविषयक धोरणात मनाई आहे ती अतिरेकी देवाणघेवाणीला आणि केवळ एकमेकांना लिंक देण्यासाठी बनवलेल्या भागीदार-पानांना. एप्रिल २०१२ मध्ये आलेल्या पेंग्विन या गूगलच्या शोधपद्धतीतील बदलाने अशा अनेक वेबसाइट खाली ढकलल्या. २०१६ पासून ही यंत्रणा गूगलच्या मुख्य अल्गोरिदमचाच भाग झाली आणि बनावट लिंकना शिक्षा करण्यापेक्षा त्यांची किंमत शून्य धरण्याकडे तिचा कल राहिला. म्हणजे बहुतेक वेळा फायदाही होत नाही आणि नुकसानही. फक्त आपला वेळ वाया जातो. मात्र प्रकार उघड आणि घाऊक असेल, तर गूगलचे कर्मचारी स्वतः तपासून कारवाई करू शकतात, आणि त्यातून बाहेर पडायला पुष्कळ खटपट करावी लागते.

तारकर्लीत चार खोल्यांचा होमस्टे चालवणाऱ्याचे उदाहरण घेऊ. त्याचे पाहुणे कुडाळला रेल्वेतून उतरतात, गाडी शोधतात, मालवणात स्कूबा डायव्हिंग करतात, सिंधुदुर्ग किल्ला पाहतात आणि मे महिन्यात परतताना देवगड हापूसची पेटी नेतात. गाडीवाला, स्कूबावाला, बागायतदार आणि मालवणी जेवणाची खानावळ हे त्याचे नैसर्गिक जोडीदार होत, कारण गिऱ्हाईक तेच आहे आणि धंदे वेगळे आहेत. जोडीदार निवडताना एकच प्रश्न विचारावा: शोधनिकालांचा विचार बाजूला ठेवला, तरी ही लिंक आपण पाहुण्यांच्या सोयीसाठी दिली असती का? या कसोटीवर दिल्लीतली फर्निचर कंपनी लगेच गळते. उलट शेजारचा प्रतिस्पर्धी होमस्टे कदाचित टिकतो. खोल्या भरल्यावर फोनवर ज्याचे नाव आपण सांगतोच, त्याची लिंक पानावर देण्यात कमीपणा नाही.

जोडीदार ठरला की त्याची वेबसाइट मोबाइलवर उघडून नीट पाहावी. फोन नंबर चालू आहे का, दर चालू हंगामाचे आहेत का, हे तपासावे. गूगलच्या चौकटीत इंग्रजीत 'साइट' हा शब्द, त्यापुढे कोलन आणि जागा न सोडता त्या वेबसाइटचा पत्ता टाकावा. नेहमीच्या वेबसाइटचे एकही पान दिसले नाही तर काहीतरी बिनसले आहे असे समजावे. ती वेबसाइट आणखी कोणाकोणाला लिंक देते तेही पाहावे. आंब्याच्या पानावर ऑनलाइन रमी आणि झटपट कर्जाच्या लिंक दिसल्या, तर माणूस ओळखीचा असला तरी तिथे आपले नाव नको.

लिंक कुठे ठेवायची, यावर तिचा उपयोग ठरतो, आणि चूक होते ती बहुधा इथेच. सगळ्या पानांच्या तळाशी किंवा 'आमचे मित्र' नावाच्या वेगळ्या पानावर लावलेली लिंक कोणी वाचत नाही. तीच लिंक 'इथे काय पाहाल' या पानावर अशी यावी: 'पोहता येत नसले तरी स्कूबा करता येते, आमचे पाहुणे ज्यांच्याकडे जातात त्यांच्या वेळा आणि दर इथे पाहा. पावसाळ्यात डायव्हिंग बंद असते.' लिंक 'वेळा आणि दर' या शब्दांवर द्यावी किंवा जोडीदाराच्या नावावर. समोरच्यानेही आपल्या होमस्टेचे नाव साधेपणाने लिहावे. प्रत्येक ठिकाणी 'मालवण स्वस्त बेस्ट होमस्टे' याच शब्दांवर लिंक दिसली, तर ती ठरवून लावल्याचे कोणालाही कळते.

विचारणा करताना सौदा मांडू नये. 'नमस्कार. आमच्याकडे उतरणारे पाहुणे स्कूबासाठी तुमच्याकडे येतात, म्हणून तुमची माहिती आम्ही आमच्या वेबसाइटवर दिली आहे. ती बरोबर आहे का, कृपया पाहावे. मुक्कामाची सोय विचारणाऱ्यांसाठी तुमच्या पानावर आमचा उल्लेख करता आला तर आनंद होईल.' एवढे पुरते. आपण आधी द्यावे. समोरून लिंक आली नाही तरी आपली काढून घेऊ नये, कारण ती पाहुण्यांसाठी होती.

पैसे, कमिशन किंवा फुकट मुक्काम यांच्या बदल्यात मिळालेली लिंक ही जाहिरात होय. तिच्यावर 'स्पॉन्सर्ड' ही खूण (लिंकच्या कोडमध्ये लिहायचा, वाचकाला न दिसणारा शब्द) लावायला वेबसाइट सांभाळणाऱ्याला सांगावे. २०१९ पासून गूगलने ती उपलब्ध केली आहे, आणि जुनी 'नोफॉलो' खूणही चालते. अशा लिंकने रँकिंग वाढेल असे धरून चालू नये, मात्र तिच्यावरून येणारे गिऱ्हाईक खरे असते.

गूगल नकाशातील स्थान ठरवताना व्यवसाय शोधाशी किती जुळतो, किती जवळ आहे आणि किती परिचित आहे, हे पाहिले जाते. परिचितपणात लिंकबरोबर रिव्ह्यूही मोजले जातात, त्यामुळे जोडीदार शोधण्याआधी बिझनेस प्रोफाइल, म्हणजे गूगलवरची आपल्या व्यवसायाची नोंद, पूर्ण भरलेले असावे.

हंगाम सुरू होण्यापूर्वी, म्हणजे साधारण सप्टेंबरात, सर्च कन्सोल या वेबसाइट-मालकांसाठीच्या गूगलच्या मोफत साधनातील लिंकचा अहवाल उघडून कोण आपल्याला लिंक देतो ते पाहावे आणि आपण दिलेली प्रत्येक लिंक दाबून ती उघडते का हे तपासावे. अहवालात अनोळखी, विचित्र नावे दिसतील; त्यांच्याकडे दुर्लक्ष करावे. लिंक नाकारण्याचे डिसअव्हाउ साधन कारवाईची सूचना आलेली असेल, किंवा स्वतःच विकत घेतलेल्या लिंकमुळे ती येण्याची शक्यता असेल, तरच वापरावे.