युन्नानचा चहा करायचा तर पातेलं बाजूला ठेवा

चीनहून कुणी भारी चहाचा डबा आणला की आपल्या घरी त्याचं काय होणार हे ठरलेलं असतं. आधण ठेवायचं, दोन चमचे टाकायचे, खळखळ उकळायचं, वर साखर आणि दूध. मग "पाणचट आहे हो, आपलाच बरा" म्हणत डबा फडताळात मागे ढकलायचा. यात त्या चहाचा काही दोष नाही. आपली ममरी म्हणजे पान चुरडून, फाडून, वळून केलेली बारीक गोळी. पाणी लागलं की ती रंग आणि कडकपणा एकदम सोडते, आणि दुधापुढे टिकावी म्हणूनच ती तशी करतात. अख्ख्या पानाचा चहा घाईत काही देत नाही. त्याला उकळलंत तर वास वाफेबरोबर निघून जातो आणि कपात राहतो तो तुरटपणा. त्याची रीत उलटी आहे: पान जास्त, पाणी थोडं, वेळ अगदी कमी, आणि त्याच पानांवर पुन्हा पुन्हा पाणी.

माझा धंदा इचलकरंजीत यंत्रमागाच्या सुट्या भागांचा, त्यामुळे चीनमध्ये शाओशिंगच्या बाजूला जाणं होतं. तिकडे भाव सांगायच्या आधी चहा ओततात. घासाघीस लांबली की चहाही लांबतो, पण पानं बदलत नाहीत. तो मुलूख खरं तर हिरव्या चहाचा. पण मी ज्या दुकानात बसतो त्या बाई युन्नानमधल्या फंगछिंगच्या, म्हणून त्यांच्याकडे कायम डियानहोंग, म्हणजे युन्नानचा काळा चहा. माझा हात त्यांचं बघूनच बसला.

नव्याने सुरुवात करणाऱ्यालाही मी डियानहोंगच सांगतो, आणि त्याला कारण त्याची चव. पण आधी थोडा इतिहास. हा चहा फार जुना नाही. जपानशी युद्ध पेटलं आणि पूर्वेकडचे चहाचे प्रांत हातातून जायला लागले, तेव्हा परदेशी विकायला नवा चहा हवा होता. आन्हुई प्रांतातल्या छीमनला चहाचं काम केलेले जाणकार फंग शाओछिउ १९३८ मध्ये युन्नानला गेले, तेव्हाच्या शुननिंगमध्ये, म्हणजे आजच्या फंगछिंगमध्ये, त्यांनी नमुने केले, आणि १९३९ मध्ये तिथे कारखाना उभा राहिला. युन्नानचं झाड मोठ्या पानाचं, आपल्या आसामच्याच जातीचं. त्यामुळे चव अनोळखी वाटत नाही. दाटपणा ओळखीचा, फक्त त्यातली धार काढून टाकलेली. मध, भाजलेलं रताळं, थोडी काकवी, आणि चांगल्या मालात शेवटी जिभेवर मिऱ्याची किंचित चुणचुण. दार्जिलिंग आवडणाऱ्यांनी मात्र कीमुन, म्हणजे त्याच छीमनचा काळा चहा घ्यावा. तो १८७५ च्या सुमारास सुरू झाला. पान बारीक, काळं, वळलेलं, आणि वास फुलांकडे जाणारा. दार्जिलिंगची बरीच जुनी झाडं चिनी जातीचीच असल्यामुळे ती जीभ तिकडे लवकर रुळते.

भांड्याचं बघू. तिकडे गायवान वापरतात: झाकण, वाटी आणि खाली बशी, साधारण १०० ते १२० मिलीची. पांढऱ्या चिनी मातीचीच घ्या, म्हणजे रंग दिसतो आणि भांडं वास धरत नाही. काठ बाहेर वळलेला असावा, नाहीतर बोटं पोळतात. अंगठा आणि मधलं बोट काठाला, तर्जनी झाकणाच्या गाठीवर, झाकण जरा तिरकं करून ओतायचं. पाणी काठापर्यंत कधीच भरायचं नाही, पोळण्याचं मुख्य कारण तेच. ओतायला तोटीचं एक काचेचं भांडं असलं की बरं. आधी सगळा चहा त्यात, मग कपांत, म्हणजे पहिल्याला फिका आणि शेवटच्याला जहर असं होत नाही. गायवान नसेल तर झाकणाचा छोटा कप आणि गाळणं घेऊन काम भागतं.

पान मोजायला चमचा नको. डियानहोंगची पानं लांब आणि फुललेली, कीमुन दाटून बसतो, त्यामुळे चमचा दोन्हीकडे वेगळंच सांगतो. सोनार वापरतात तसला छोटा डिजिटल काटा घ्या. १०० मिलीला ४ ग्रॅम. पाच केलेत तरी चालेल, फक्त वेळ कमी करा.

पाण्यावर लोक लक्ष देत नाहीत, आणि अर्धा चहा तिथेच बिघडतो. बोअरच्या जड पाण्यात रंग काळवंडतो, वर तवंग येतो आणि वास दबतो. आरओचं, क्षार काढून टाकलेलं पाणी घेतलं तर चहा सपाट आणि टोचरा लागतो. मी आरओचं आणि नळाचं गाळून उकळलेलं पाणी निम्मंनिम्मं घेतो. तुमच्या गावचं पाणी आधीच मऊ असेल तर हा खटाटोप नको. तापमान म्हणाल तर डियानहोंगला ९० ते ९५ अंश. यात एक गंमत आहे. कुनमिंग समुद्रसपाटीपासून जवळजवळ १९०० मीटरवर, तिथे पाणी ९४ अंशांच्या आसपासच उकळतं. तिकडचा माणूस उकळतं पाणी सरळ ओततो आणि ते बरोबर बसतं. आपल्याकडे सपाटीवर ते ९८ च्या पुढे जातं. म्हणून किटली बंद केल्यावर मिनीट-दीड मिनीट थांबायचं.

आता कृती. गरम पाणी गायवानमध्ये फिरवून ओतून द्या. गरम वाटीत सुकं पान टाका, झाकण लावा, दोनदा हलवा, आणि झाकण उचलून त्याच्या आतल्या बाजूला वास घ्या. चांगला माल इथेच बोलतो. कुबट वास, किंवा अत्तर टाकल्यासारखा वास आला तर माल बरा नाही हे ओळखा. पहिलं पाणी धुवून टाकायचं म्हणून काही जण फेकून देतात. कोवळ्या कळीच्या चहाचं पहिलं पाणी फेकणं मला पटत नाही. ते प्या.

पाणी पानांवर थेट न आदळता कडेने ओता. पहिल्यांदा दहा सेकंद, दुसऱ्यांदाही दहा, तिसऱ्यांदा पंधरा, मग दर वेळी दहा-दहा वाढवत जा. सेकंद मोजताना त्यात ओतायचा वेळही धरा, कारण ओतता ओतता चहा उतरतच असतो. आणि दर खेपेला शेवटचा थेंब निथळू द्या. पानांत पाणी राहिलं की ते मुरत बसतं आणि पुढची खेप कडू करतं. दोन खेपांच्या मध्ये झाकण जरा उघडं ठेवा. नीट केलं तर सात-आठ खेपा सहज निघतात. दुसरी-तिसरी मला सगळ्यात आवडते: रंग नारिंगी-लाल, कपाच्या कडेला सोनेरी कडं, आणि घोट गिळल्यावर घशाकडून येणारी गोडी. पाचवीनंतर दाटपणा उतरतो आणि नुसता गोडवा राहतो. शेवटी उकळायची हौस असेल तर आता भागवून घ्या, पानांत बिघडायला फारसं काही उरलेलं नसतं.

चव चुकली तर आधी तुरट आहे की कडू ते बघा. हिरड्या आवळून आल्या, जीभ कोरडी पडली, तर तो तुरटपणा: वेळ कमी करा. नुसता कडू लागला तर पाणी फार तापलं असेल किंवा पान जास्त पडलं असेल. पाणचट असेल तर वेळ वाढवायच्या आधी पान वाढवा. कडक चहा थंड झाल्यावर गढूळ, दुधाळ दिसला तर नासला असं समजू नका. त्यातलं कॅफीन आणि रंग देणारी द्रव्यं गारव्यात एकत्र येतात. गरम केलं की पुन्हा नितळ होतो. भरदार चहाचंच हे लक्षण धरतात.

ऑफिसात एवढं मांडून बसता येत नाही. तिथे मोठा कप, २५० मिलीला ३ ग्रॅम, तीन मिनिटं, आणि मग सगळी पानं बाहेर. चहा छान होतो, पण एकाच चवीचा. दूध मात्र कुठेच नको. दुधातलं केसीन चहातल्या त्याच द्रव्यांना धरून ठेवतं, म्हणजे ज्यासाठी पैसे मोजले तेच जातं. दूध हवं तर घरची ममरी आहेच, ती मीही रोज सकाळी पितो.

खरेदी करताना सोनेरी रंगाला भुलू नका. सोनेरी कळ्या डियानहोंगमध्ये भरपूर असतात आणि नुसत्या कळ्यांचा चहा गोड, पण हलका लागतो. कळी आणि पान मिसळलेला मला जास्त पोटभर वाटतो. याउलट फूच्येन प्रांतात वूयी डोंगरातल्या तोंगमू गावचा जिन जुन मेई हा काळा चहा, जो २००५ मध्ये पहिल्यांदा झाला, तो खरा असेल तर काळ्यात थोडा सोनेरी दिसतो. त्या नावाखाली पिवळाधमक माल कुणी दाखवला तर तो बहुतेक वेळा दुसरीकडचा. वास वरून लावलेला असेल तर सुका चहा घमघमतो आणि तिसऱ्या खेपेला काहीच उरत नाही. नमुना मागा आणि तिसरी खेप पिऊनच भाव करा.

साठवताना डबा मसाल्याच्या फडताळात नको, चहा वास ओढून घेतो. फ्रीजमध्येही नको, बाहेर काढताना त्यावर पाणी धरतं. आपल्या पावसाळ्यात मोठा डबा रोज उघडण्यापेक्षा पन्नास-पन्नास ग्रॅमच्या बंद पुड्या करून ठेवा आणि दीड-दोन वर्षांत संपवा. तोंगमूचा पाइनच्या धुरावर वाळवलेला लॅपसांग सूचाँग घरात आणलात तर त्याला वेगळा डबा आणि शक्यतो वेगळं कपाटही द्या. नाहीतर महिन्याभरात डियानहोंगलाही धुराचा वास येईल.