नोट्स ॲपमध्ये कामाचा वेळ मोजताय? या चुका टाळा

कामाची नोंद जिथे केली तिथेच त्याचा वेळही मोजायचा, हे एकदा अंगवळणी पडलं की वेगळं टायमर ॲप नकोसं होतं. ऑर्ग-मोड (ईमॅक्स या टेक्स्ट एडिटरमध्ये चालणारी नोंदींची सोय) आणि लॉगसीक या नोट्स ॲपमध्ये ही सोय आहेच, ऑब्सिडियन या ॲपला प्लगइन, म्हणजे वरून जोडायची सोय, टाकून मिळते. पण महिनाअखेरीला बेरीज काढली की आकडे पटत नाहीत. माझेही पटत नव्हते.

सगळ्यात मोठा घोळ होतो तो घड्याळ बंद करायला विसरल्यामुळे. माझ्या फाइलमध्ये एकदा ही ओळ सापडली:

[2024-03-05 22:40]--[2024-03-06 08:05] => 9:25

त्या रात्री मी अकराच्या सुमारास लॅपटॉप मिटवून झोपलो होतो. मग नऊ तास आले कुठून? तर मागे कुठलंही घड्याळ टिकटिकत नसतं. सुरू करताना फाइलमध्ये फक्त सुरुवातीची वेळ लिहिली जाते आणि थांबवताना शेवटची वेळ लिहून वजाबाकी होते. त्यामुळे ॲप बंद केलं म्हणजे मोजणी थांबली, असं होत नाही. लॉगसीकमध्ये काम रात्रभर 'डुइंग'वर, म्हणजे 'चालू आहे' या खुणेवर, राहिलं की सगळी रात्र त्याच्या खात्यात जमा होते. ऑर्ग-मोडमध्ये उलटही घडतं: ईमॅक्स अचानक बंद पडला की ओळ अर्धवट उघडी राहते आणि तो वेळ बेरजेत येतच नाही. तिथे 'ऑर्ग-रिझॉल्व्ह-क्लॉक्स' ही कमांड चालवा, अशा उघड्या नोंदी एकेक करून समोर येतात. 'ऑर्ग-क्लॉक-आयडल-टाइम' 10 वर ठेवलंत तर 10 मिनिटं हात थांबल्यावर, परत आलात की तो वेळ ठेवायचा की वजा करायचा, हे विचारलं जातं. मुळात ही सेटिंग बंद असते, आठवणीने चालू करा.

ऑर्ग-मोडमध्ये चुकीची नोंद हाताने सुधारतानाही एक फसगत होते. तुम्ही शेवटची वेळ 23:05 केलीत, तरी पुढचा 9:25 तसाच राहतो. कर्सर त्या ओळीवर ठेवून कंट्रोल-सी दोनदा दाबा, म्हणजे तिथे 0:25 येईल. अहवालाचा तक्ताही आपोआप बदलत नाही. त्याच्या पहिल्या ओळीवर जाऊन हेच करावं लागतं. हिशेब पाठवण्याआधी हे विसरू नका.

हिशेबावरून आठवलं, 2:45 म्हणजे 2.45 तास नव्हेत, 2.75. स्प्रेडशीटमध्ये उतरवताना ही गल्लत झाली की एका नोंदीमागे 18 मिनिटांची मजुरी बुडते.

फोनवर घड्याळ सुरू करून लॅपटॉपवर थांबवणार असाल, तर मधे सिंक पूर्ण झालंय ना, तेवढं बघा. नाहीतर एकाच फाइलच्या दोन प्रती तयार होतात आणि नोंदी दोन्हीकडे विखुरतात.

राहिला प्रश्न मधेच येणाऱ्या फोनचा. लेख लिहिताना वीस मिनिटं फोनवर गेली आणि घड्याळ लेखावरच चालू राहिलं, तर पुढच्या लेखाचा अंदाजही चुकतो. त्यासाठी 'मधेच आलेलं' नावाचं एक कायमचं काम करून ठेवा. ऑर्ग-मोडमध्ये एका वेळी एकच घड्याळ चालतं, त्यामुळे तिथे सुरू केलं की आधीचं आपसूक थांबतं. फोन ठेवल्यावर मात्र लेखाकडे तुम्हालाच परतावं लागतं, आणि नेमकं तेच राहून जातं. म्हणून मी रोज संध्याकाळी दिवसभराच्या नोंदींवरून एकदा नजर फिरवतो. फोन किती वाजता आला होता ते तोवर आठवत असतं, आठवड्यानंतर आठवत नाही.