टोमॅटोवरचा मावा असा आटोक्यात आणला

आमच्या अंबडकडच्या रानात टोमॅटोचे शेंडे आकसू लागले, पानं चिकट झाली, खोडावर मुंग्यांची रांग. पान उलटून पाहिलं तर हिरव्या बारीक किडी गच्च बसलेल्या, मधेमधे त्यांनी टाकलेल्या पांढऱ्या काती. मावाच. पांढरी माशी असती तर झाड हलवताच उडाली असती.

युरिया लगेच थांबवला. लुसलुशीत फुटीवर मावा फार फोफावतो. 5 किलो निंबोळीचा भरडा रात्रभर भिजवला, फडक्यातून गाळून 100 लिटर द्रावण केलं, थोडा साबण घातला. फवारणी संध्याकाळी, नोझल पानाखालून वर, कारण कीड तिथंच असते. आठवड्यानं पुन्हा मारली. ढालकिडे दिसले म्हणून जहाल औषध टाळलं. ते आणि त्यांच्या अळ्या मावा खातात, त्यांना जपाच. नवी फूट आता सरळ निघतेय.